खोकल्याची गोड बाटली

दवाखान्यात रुजू झालो त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यापुढे साखरेचा डबा, पातेलं आणि पळी ठेवली आणि म्हणाले, "आधी पाक करून दाखव. बाकीचं मग बघू."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. यवतमाळला कंपाउंडरचं काम शिकून आलो होतो आणि ही माझी पहिलीच नोकरी. दवाखाना वणीकडे, राजूरच्या अलीकडच्या एका गावात. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे एक लहान खोली. गावाच्या एका अंगाला चुन्याच्या भट्ट्या आणि दुसऱ्या अंगानं कोळशाच्या खाणीकडे जाणारा रस्ता. एका आळीतल्या छपरांच्या कवेलूंवर पांढरी धूळ बसलेली असायची, दुसऱ्या आळीतल्या कवेलूंवर काळी.

मी साखर थंड पाण्यात टाकली आणि ढवळत बसलो. डॉक्टर खुर्चीवरून पाहत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अशानं संध्याकाळ होईल." मग त्यांनी स्टोव्ह पेटवून दिला. वजनानं दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. एवढी साखर एवढ्याशा पाण्यात मावेल असं पाहताना वाटतच नाही. पण पाणी तापलं की दाणे कडेकडेनं हलायला लागतात, पाणी आधी गढूळ दिसतं आणि मग एकदम निवळतं. जास्त उकळलं तर पाक पिवळा पडतो. फडक्यातून गाळून बाटलीत भरला की तो महिनाभर टिकतो. कडू औषधं याच पाकाच्या आधारानं लोकांच्या घशाखाली उतरायची.

"आता स्पिरिटात टाकून बघ," डॉक्टर म्हणाले.

मी चमचाभर साखर स्पिरिटात टाकली. ढवळली, हलवली. दाणे जसेच्या तसे तळाशी बसले.

"लक्षात ठेव. पाणी आणि स्पिरिट, दिसायला दोन्ही सारखीच."

त्या दिवशी ते माझ्याशी एवढंच बोलले. डॉक्टर पन्नाशीचे होते, पुण्याकडचे. त्यांचं बिऱ्हाड तिकडेच होतं आणि ते इकडे एकटे राहायचे. माणूस वाईट नव्हता, पण रोग्याला विचारायचं ते विचारून झालं की त्यांचं बोलणं संपायचं. दवाखाना बंद झाला की ते आपल्या क्वार्टरमध्ये जाऊन दार लोटून घ्यायचे.

मी गावात खोली शोधली. तीन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणी आधी बसा म्हणाले, मग विचारलं, "कोनाचा तू?" छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली होती. मी सांगायचो, बौद्ध. मग खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली असायची, नाहीतर तिच्यात कापूस भरायचा असायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मागची खोली रिकामीच आहे, तिथेच राहा." मी तिथे वळकटी टाकली. आमच्या समाजाची चार घरं गावात होती. पौर्णिमेला मी त्यांच्याकडे वंदनेला जायचो. एरवी ती माणसं दिवसभर भट्टीवर असायची आणि संध्याकाळी बोलण्याएवढा जीव त्यांच्यात उरलेला नसायचा.

औषध मात्र माझ्या हातचं सगळ्यांना चालायचं. लोक घरून बाटल्या घेऊन यायचे, मी त्यांत मिक्श्चर भरायचो आणि डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवून द्यायचो. कोणी तिथल्या तिथे डोस घ्यायचं. कडू औषधावर पाणी लागतं म्हणून मी ओट्यावर मडकं भरून ठेवलं होतं, वर पेला उपडा. लोक माझ्या हातून डोस घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि पाणी प्यायला समोरच्या विहिरीवर जायचे. पहिला महिनाभर मी रोज सकाळी ते मडकं विसळून ताजं पाणी भरत होतो. मग आठवड्यातून दोनदा भरायला लागलो.

दुपारी चारनंतर कोणी यायचं नाही. वाचायला काही नव्हतं, बोलायला कोणी नव्हतं. त्या वेळात मी फळीवरच्या एकेका बाटलीतलं थोडं थोडं घेऊन त्यात साखर टाकून पाहायचो. ग्लिसरिनमध्ये ती फार सावकाश जायची. चुन्याच्या निवळीत पाण्यासारखीच जायची. एरंडेलात अजिबात नाही. आयाबाया मला म्हणायच्या, "पोरगं एरंडेल थुकून टाकते जी, साखर टाकून द्या ना." मी टाकून द्यायचो. पोर वरचं तेल कसंबसं गिळायचं आणि साखर चमच्याच्या तळाशीच राहायची. मग आई ती बोटानं त्याच्या जिभेवर लावायची आणि पोराचं रडणं थांबायचं.

थंडीचे दिवस होते तेव्हा एक बाई पहिल्यांदा आली. पंचावन्न-साठीची असेल. अंगानं भरलेली, नऊवारी लुगडं, हाताच्या कातडीवर चुन्याचे जुने डाग. भट्टीवर चुना चाळण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आता काम होत नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा बल्लारपूरकडे कामाला होता. हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. मधून मधून खोकत होती.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, जीभ पाहिली. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "काही नाही हिला. घरी कोणी नाही, म्हणून येते. पाक दे पाण्यात घालून, थोडा रंग टाक. तेवढ्यानं बरं वाटेल."

मी लाल रंग टाकून बाटली भरली. तिनं तिथेच एक डोस घेतला आणि जीभ फिरवली.

"गोड हाये रे बापू तुई दवाई. आता त्या मडक्यातलं पाणी दे."

मी म्हणालो, "मावशी, समोर विहीर हाये."

"मले दिसते ना विहीर. अन् तू कोण हायेस तेबी मालूम हाये. पाणी दे, जीव सुकून राह्यला."

मी पेला विसळून पाणी दिलं. तिनं ते गटागट पिऊन पेला पुन्हा पुढे केला. दुसराही प्यायली. विहिरीवर दोन बाया उभ्या होत्या, त्या पाहत होत्या. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच मडकं घासलं.

ती आधी दोन दिवसांआड यायची, मग रोज यायला लागली. बाटली संपलेली असायची. मी पाक थोडा जास्त घालायला लागलो, वरून पेपरमिंटचा एक थेंब. ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, माझ्याच मनानं करत होतो. ती येताना कधी पदरात बोरं आणायची, कधी भाकरीवर आंबाडीची भाजी. ओट्याच्या कडेला बसायची आणि बोलत राहायची. मुलगा लहानपणी कसा होता, सून कशी गोरी आहे, भट्टीची आग पावसाळ्यात कशी जपावी लागते. मी बाटल्या धुता धुता ऐकायचो. माझी आई दारव्ह्याकडे होती आणि मला वर्षातून दोनदा घरी जायला मिळायचं.

एकदा दुपारी मी साखर आणि स्पिरिटचा खेळ करत बसलो होतो. ती वाकून बघायला लागली.

"काहून नाही विरघळून राह्यली ते?"

"स्पिरिट हाये, मावशी. ह्यात साखर जात नाही."

"काही सांगतं. माया बुढा मोहाच्या दारूत गूळ टाकून पेये. चांगला विरघळे."

"तिच्यात पाणी असते ना, म्हणून."

ती जोरानं हसली. "पाणीच लय असे म्हन. तरीच बुढ्याले चढे नाही!" हसता हसता तिला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा पेला दिला. त्या दिवशी ती चार पेले पाणी प्यायली. मला त्याचं इतकं बरं वाटलं की पुढच्या बाजारातून मी मोठं मडकं आणलं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ती वाळत चालली होती. पहिल्या दिवशीची भरलेली बाई राहिली नव्हती, लुगडं अंगावर सैल लोंबायचं. मी रोज पाहत होतो म्हणून की काय, माझ्या ते ध्यानात आलं नाही. म्हणजे दिसत होतं, पण वाटलं, एकटी बाई आहे, स्वतःपुरतं नीट शिजवत नसेल. दिवाळीच्या सुमारास भट्टीजवळून जाताना तिचा पाय कळीच्या चुन्याच्या खड्यावर पडून अंगठ्याजवळ भाजला. मी रोज धुऊन पट्टी बांधायचो. पंधरा दिवसांत भरायला हवी होती ती जखम महिना झाला तरी ओलीच.

एक दिवस पट्टी बांधताना ती म्हणाली, "घरात मुंगळ्यायचा लय तरास झाला, बापू. न्हाणीत तं लायनीच्या लायनी. घरात साखरेचा दाणा नाही अन् मुंगळे कायले येऊन राह्यले काय मालूम."

मी हसलो. संध्याकाळी डॉक्टर रजिस्टर लिहीत होते, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून त्यांना ही गोष्ट सांगितली.

त्यांनी टाक खाली ठेवला. "न्हाणीत मुंगळे? तीच म्हणाली?"

"हो."

"पायाची जखम किती दिवसांची?"

मी सांगितलं.

"पाणी फार पिते का?"

मी ओट्यावरच्या मोठ्या मडक्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. फार पिते."

दुसऱ्या दिवशी तिची लघवी तपासायला घेतली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं द्रावण घेतलं, त्यात आठ थेंब टाकले आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. मी शेजारी उभा होतो. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग नळी तळापासून विटेसारखी लाल होत गेली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली.

"आपल्या डब्यातली साखर यात टाकलीस तर रंग असा बदलत नाही," ते म्हणाले. "ही वेगळी. रक्तातून आलेली. मधुमेह आहे तिला, आणि बराच आहे." मग विचारलं, "रोज किती पाक देत होतास?"

मी खरं ते सांगितलं. पेपरमिंटचंही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नळी धुवायला उठले आणि पाठमोरेच म्हणाले, "पाक दे असं मीच सांगितलं होतं. छातीला नळी लावली आणि उठलो. एवढं एक बघायचं राहिलं."

माझ्या मनात मात्र पाक नव्हता, पाणी होतं. मला वाटत होतं ती माझ्या हातचं पाणी पिते. विहिरीवरच्या बायांसमोर पिते, दोन दोन, चार चार पेले. त्यावर मी वर्ष काढलं होतं. आणि तिला नुसती तहान लागत होती. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आलो नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. तिच्या भावाचा मुलगा सोबत जायला तयार झाला. एसटीच्या थांब्यापर्यंत मी तिचं गाठोडं नेलं. बाटलीबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती खिडकीतून म्हणाली, "दवाईची बाटली आनाले विसरली मी. तू दुसरी भरून ठेवजो, आली का घेऊन जाईन." मी मान हलवली. गाडी गेली.

पुढे दोन महिने तिची काही खबर नव्हती. मग औषधांचा साठा आणायला मला यवतमाळला जायची पाळी आली. काम आटोपून मी बायांच्या वॉर्डात गेलो. ती भिंतीकडच्या खाटेवर होती. पायाची दोन बोटं काढली होती, पायाला जाड पट्टी होती. मला पाहून उठून बसली, चेहरा उजळला.

"आला का रे बापू! पाह्य, हे लोक बिनसाखरेचा चहा देते. चव ना ढव. तुई दवाई आनली का?"

मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. येताना ठरवलं होतं की सांगायचंच.

"मावशी, ते दवाई नव्हती."

"मंग काय होतं?"

"साखरेचं पाणी होतं. लाल रंग टाकलेलं. तुले ह्या बिमारीत साखर नाही चालत. आमाले माहीत नव्हतं. मी तं जास्तच टाकून देत होतो, तुले गोड लागते म्हणून."

ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती पायाकडे पाहत राहिली. मग तिनं जे विचारलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"खोकल्याची दवाई नव्हतीच तिच्यात?"

"नाही."

"म्हणजे तुमाले वाटे का मी खोटी खोकलून राह्यली?"

"डॉक्टरसाहेबायले वाटलं, तुले तसं काही नाही..."

"अन् तुले?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"वीस वर्सं चुना चायला मी," ती हळूच म्हणाली. "रातभर छातीत चुनाच चुना असल्यासारखं होते. मी खोटी कायले खोकलू?"

वॉर्डात कोणाची तरी थाळी वाजली. मला वाटलं काहीतरी करावं, म्हणून विचारलं, "पाणी देऊ का, मावशी?"

"नाही," ती म्हणाली. "आता तेवढी तहान नाही लागत."

इतक्यात तिचा मुलगा डबा घेऊन आला. बल्लारपूरहून रजा काढून आला होता. उंच, आईसारखाच चेहरा. त्यानं मी कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, "गावच्या दवाखान्यातला कंपोंडर हाये." त्यानं हात जोडले. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली होती.

स्टँडवर गाडीला वेळ होता. औषधांची खोकी पायाशी ठेवून मी बाकावर बसलो. आपण तिच्यावर माया केली असं मी समजत होतो. पण ज्या माणसावर माया करायची, ते खोकतंय तर त्याला खोकला आहे एवढं तरी आधी खरं मानायला हवं होतं. ते मी मानलं नव्हतं. डॉक्टरांनी नळी लावून तरी पाहिली होती. मी तर तिच्याजवळ वर्षभर बसलो होतो.

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या छातीत धूळ बसते, ती नळीनं नेहमी ऐकू येतेच असं नाही, असं म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की यापुढे नुसता पाक कोणाला द्यायचा नाही, आणि तहान लागते असं कोणी म्हणालं तर आधी लघवी घेऊन नळी तापवायची. तसं करताना पुढच्या वर्षात आणखी दोघं सापडले, एक शेतकरी आणि एक शाळामास्तर. दोघांचा मधुमेह जखम होण्याआधी सापडला. मास्तर मला भेटला की खांद्यावर हात ठेवायचा.

मावशी गावात परत आली नाही. मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो घर आवरायला आला तेव्हा दवाखान्यात डोकावला. मी विचारलं, "माय कशी हाये?"

"बरी हाये. बिमारीच्या गोया घेते. नातू हाये ना, त्याच्यात जीव रमते तिचा." मग म्हणाला, "खोकला मात्र जात नाही. रात्री लय खोकलते."

मी डॉक्टरांना विचारून खोकल्याचं खरं मिक्श्चर केलं. कडू होतं. गोडी यावी म्हणून त्यात काही घालता येत नव्हतं. बाटलीवर पट्टी लावली आणि आत काय काय आहे ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून कागद बाटलीला दोऱ्यानं बांधला. तिला वाचता येत नव्हतं. मुलाला म्हणालो, "मायले वाचून दाखवजा." तो हो म्हणाला आणि बाटली पिशवीत ठेवून गेला.

तिनं ते औषध घेतलं की नाही ते मला कळलं नाही. मी पोस्टकार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. त्या गावात मी आणखी तीन वर्षं होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर डॉक्टर अधूनमधून संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायला लागले. फारसं बोलायचे नाहीत. एकदा त्यांनी माझ्या आईचं कसं चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, बरी आहे, गुडघे दुखतात. ते म्हणाले, "पुढच्या वेळी येताना तिला इकडे घेऊन ये. एकदा पाहून घेऊ."

दिवाळीनंतर मी आईला घेऊन आलो. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत राहिले.